देवस्थळीबाईंचे रजिस्टर आणि माझी न केलेली नोंद

श्रीमती सुनंदाबाई देवस्थळी यांची आणि माझी पहिली भेट फारशी गोड झाली नव्हती. पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या प्रशासन कार्यालयात मी सहायक म्हणून नुकताच लागलो होतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी प्रशासन अधिकाऱ्यांनी मला एक नाव चिठ्ठीवर लिहून दिले आणि रेकॉर्ड रूममधून त्या रुग्णाची फाइल आणायला पाठवले. तळमजल्यावरच्या त्या लांबट खोलीत बाई टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होत्या. मी चिठ्ठी पुढे केली.

"साहेबांनी मागवली आहे," मी म्हणालो.

"साहेबांना काय होतंय?"

"त्यांना काही नाही. त्यांना ही फाइल हवी आहे."

"ते या पेशंटवर उपचार करतात का?"

"नाही."

"मग त्यांना स्वतःची फाइल हवी असेल तर सांगा. तब्येत बरी नसेल तर नवीन केसपेपर काढून ठेवते." एवढे बोलून बाई पुन्हा लिहू लागल्या. मी रिकाम्या हाताने वर गेलो आणि साहेबांची बोलणी खाल्ली. बाई आडमुठ्या आहेत, असे मत मी त्याच दिवशी करून टाकले आणि ते बरेच दिवस जपले.

त्या रेकॉर्ड रूममध्ये बाईंनी तीस वर्षे काम केले. त्यांच्या टेबलावर एक जाड रजिस्टर असे. फाइल कोणी नेली, कशासाठी नेली, कधी परत आणली, हे त्यात लिहून सही केल्याशिवाय एकही कागद दाराबाहेर जात नसे. मोठ्या शल्यचिकित्सकांनाही त्यातून सूट नव्हती. आम्हां नवख्यांना त्या सांगत, "कागद रुग्णालयाचा आहे, मजकूर रुग्णाचा आहे. आपण राखणदार. राखणदारानं घरात डोकवायचं नसतं." न्यायालयाचा आदेश आला, दुसऱ्या कोणाच्या जिवाला खरोखर धोका असला किंवा साथीचा आजार सरकारला कळवणे भाग असले, तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हाही लागेल तेवढेच द्यायचे, सगळी फाइल नव्हे. नवरा आहे, भाऊ आहे, कंपनीचा मालक आहे, ओळखीचा आहे, यांपैकी एकही कारण त्यांच्या लेखी कारण नव्हते. एकदा एक फौजदार लेखी पत्राशिवाय आले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, पत्र कसे लिहायचे तेही सांगितले. फाइल मात्र पत्र आल्यावरच दिली.

पण बाई फक्त नाही म्हणणाऱ्या होत्या, असा समज कोणी करून घेऊ नये. धायरीचे एक गृहस्थ कारखान्यात कामाला होते. त्यांची पत्नी आमच्या रुग्णालयात वारली. तिचे कागद मागायला ते तीनदा आले आणि तिन्ही वेळा त्यांना "साहेब रजेवर आहेत" असे उत्तर मिळाले. चौथ्यांदा ते चुकून रेकॉर्ड रूमच्या दारात उभे राहिले.

"बाई, मला भांडायचं नाय कुणाशी," ते म्हणाले. "तिला नक्की काय झालतं, तेवढं कळू द्या."

बाईंनी त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतला, पोच दिली आणि तीवर तारीख आणि वेळ टाकली. "बहात्तर तासांत नक्कल द्यायची असा नियम आहे. आता घड्याळ आमच्यावर लागलं," त्या म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नक्कल हातात दिली आणि बाहेरच्या बाकावर त्यांच्याशेजारी बसून पानन् पान समजावले. जिथे त्यांना स्वतःला कळेना तिथे त्या वॉर्डमधून डॉक्टरांना बोलावून आणत.

"लई त्रास नाय ना झाला तिला?" त्या गृहस्थांनी शेवटी विचारले.

बाईंनी औषधांचे पान काढले. "शेवटचे दोन दिवस झाला. खोटं सांगत नाही. पण दुखणं कमी व्हायचं औषध दिलेलं आहे. ही बघा, इथं वेळ लिहिली आहे."

ते गृहस्थ त्या वेळेवर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिले होते. मी जिन्यातून हे पाहिले.

आणखी एक आठवण सांगतो, कारण तिच्यात बाई चुकल्या होत्या. केसपेपरच्या खिडकीवरचे आमचे कदम "टीबीवाले इकडे, बाकीचे तिकडे" असे मोठ्याने ओरडत. बाईंनी दोनदा सांगूनही ते ऐकेनात. तेव्हा बाई त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "कदम, तुमचीही फाइल आहे हो माझ्याकडे. अशी ओरडून वाचली तर?" कदमांचे ओरडणे त्या दिवसापासून बंद झाले. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा खिडकीशी गेल्या. "काल मी बोलले ते बोलायला नको होतं," त्या कदमांना म्हणाल्या. "तुमचा आजार मला ठाऊक आहे हे तुम्हाला जाणवून देणं, हीसुद्धा चुगलीच. माफ करा." कदमांनी हे मला अनेक वर्षांनी सांगितले, तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

आता एका रुग्णाबद्दल जे लिहायचे आहे त्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. बाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहा. पण छापण्याआधी तिला दाखवा." मी दाखवला. तिने दोन वाक्ये खोडली. ती इथे नाहीत. तिचे नावही नाही.

ती बिबवेवाडीत राहणारी, प्राथमिक शाळेत शिकवणारी तरुणी. वडील अचानक गेल्यावर ती नैराश्याने आजारी पडली, आमच्याकडे पंधरा दिवस दाखल होती, बरी होऊन घरी गेली आणि पुन्हा शिकवू लागली. तीन वर्षांनी तिचे लग्न ठरले. नवऱ्यामुलाच्या काकांची आमच्या एका विश्वस्तांशी ओळख होती. विश्वस्तांनी प्रशासन अधिकाऱ्यांना फोन केला आणि त्यांनी मला बोलावले. "नुसती चौकशी आहे. डिस्चार्जचा कागद तेवढा झेरॉक्स करून आण," ते म्हणाले. त्या दिवशी बाई रजेवर होत्या. वारज्याला बहिणीकडे कार्य होते. मी कार्यालयातली दुसरी किल्ली घेतली, रेकॉर्ड रूम उघडली, फाइल काढली, झेरॉक्स केली आणि फाइल परत ठेवली. रजिस्टर टेबलावरच होते. मी ते उघडले नाही. झेरॉक्स होत असताना मी तो कागद वाचलाही.

लग्नाला आठ दिवस उरले असताना ते मोडले. तो कागद मुलाकडच्या बैठकीत दहा-बारा नातेवाइकांसमोर मोठ्याने वाचला गेला, तिच्या आईच्या देखत.

तीच झेरॉक्स हातात घेऊन ती रुग्णालयात आली तेव्हा मी कार्यालयातच होतो. "माझा कागद बाहेर गेला कसा?" एवढेच ती विचारत होती. बाईंनी रजिस्टर वर आणून त्याची पाने तिच्यासमोर उलटली. नोंद नव्हती. "माझ्या रजिस्टरप्रमाणे तो गेला नाही," बाई म्हणाल्या, "आणि तरी तो तुमच्या हातात आहे. म्हणजे माझं रजिस्टर खोटं ठरलं. तुम्ही लेखी तक्रार करा, मी सांगते कशी लिहायची ते." स्वतःच्याच विभागाविरुद्धची तक्रार बाईंनी स्वतः तिला लिहायला मदत केली.

चौकशी समिती बसली. मला बोलावून विचारण्यात आले, "तुम्हाला याबद्दल काही माहिती आहे?"

मी "नाही" म्हणालो.

तो शब्द उच्चारताना मला घामही फुटला नाही, याची मला आज लाज वाटते. नोकरी टिकवायची होती, साहेब पाठीशी होते, सगळे कसे सोपे होते. नोंदी सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली, असा ठपका बाईंवर आला आणि निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना त्यांची बदली चादरी आणि कपड्यांच्या भांडारात झाली. त्या भांडल्या नाहीत. "कागद माझ्या खोलीतून गेला. खोलीची जबाबदारी माझी," एवढेच म्हणाल्या आणि किल्ल्या टेबलावर ठेवून गेल्या. त्या किल्ल्या ताब्यात घेतल्याच्या पावतीवर सही माझी आहे.

चार महिने मी गप्प होतो. मग एका कागदावर सही घ्यायला भांडारात जावे लागले. बाई चादरी मोजत होत्या. सही करता करता म्हणाल्या, "अहो मराठे, त्या खोलीच्या डाव्या भिंतीला ओल येते. खालच्या कप्प्यातल्या फायली वर घ्यायला सांगाल का कोणाला तरी? माझं सांगणं आता बरं दिसणार नाही."

मला तिथे उभे राहवेना. मी सगळे सांगून टाकले.

बाईंनी हातातली चादर घडी करून ठेवली. "मी रजेवर होते त्या दिवशी?"

"हो."

"वाटलंच होतं मला."

"मग समितीपुढे माझं नाव का नाही घेतलंत?"

"वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. नुसत्या वाटण्यावरून माणसाचं नाव चारचौघांत घ्यायचं, तर त्या मुलाच्या काकांत आणि माझ्यात फरक काय राहिला?" मी माफी मागू लागलो तेव्हा त्यांनी मला थांबवले. "माझ्याकडे काय मागता? माझी बदली झाली, तिचं लग्न मोडलं. तिच्याकडे जा."

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर बाई माझ्याबरोबर बसने बिबवेवाडीला आल्या. इमारतीच्या फाटकाशी थांबल्या. "मी वर येत नाही. मी आले तर ती माझ्याकडे बघून बोलेल आणि तुमची सुटका होईल."

तिने मला बसायला सांगितले नाही आणि ते योग्यच होते. मी उभ्यानेच सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "तुम्ही वाचलात तो कागद? पूर्ण?"

"हो."

"म्हणजे माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट पंधरा दिवस तुम्हाला माहीत आहेत, आणि मला तुमचं नावही माहीत नव्हतं." मग ती म्हणाली, "हे लिहून द्या."

मी लिहून दिले. माझी नोकरी गेली. रुग्णालयाने तिला दिलगिरीचे पत्र पाठवले. विश्वस्तांचे आणि साहेबांचे काही बिघडले नाही. बाईंची बदली 'प्रशासकीय कारणास्तव' झाली अशी नोंद असल्यामुळे ती रद्द करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असे कळवण्यात आले. तीस वर्षे ज्यांनी ती खोली सांभाळली, त्या बाई भांडारातून निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभाला अकरा माणसे होती. ती शिक्षिका होती. मी दाराशी उभा होतो. बाईंनी मला आत बोलावून पेढा दिला.

पुढे मी कायदा शिकलो, तो बाईंच्या सांगण्यावरून. "जे मोडलंत ते आधी नीट समजून घ्या," असे त्या म्हणाल्या होत्या. आज रुग्णालयांना मी याच विषयावर सल्ला देतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नंतर सांगितले. मानसिक आजाराच्या माहितीला कायद्याने वेगळे संरक्षण दिले. व्यक्तिगत माहितीसाठी संमती कशी घ्यावी, याचाही कायदा झाला. हे सगळे चांगलेच झाले. पण प्रत्येक नवा कायदा वाचताना मला आधी वाटते, हे तर बाई करतच होत्या. आणि मग वाटते, हे कायदे त्या शिक्षिकेच्या वेळी असते तरी मी ती किल्ली घेतलीच असती. कायदा ठाऊक नव्हता म्हणून माझे चुकले नव्हते. काय बरोबर आहे हे मला त्या रजिस्टरने रोज सांगितले होते.

निवृत्तीनंतर बाई कित्येक वर्षे परिचारिकांना आणि कारकुनांना हा विषय शिकवत होत्या. अलीकडे मी बरोबर असताना एका वर्गात एका तरुणाने अभिमानाने सांगितले की आता सगळ्या फायली संगणकावर आहेत, पासवर्डशिवाय उघडत नाहीत. बाईंनी विचारले, "पासवर्ड किती जणांना माहीत आहे?" तो हसून म्हणाला, "मॅडम, डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांनाच, नाहीतर काम अडतं." बाई हसल्या नाहीत. घरी परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "मी एक खोली सांभाळली, मराठे. तीही नाही सांभाळता आली." मी म्हणालो, "बाई, ती मी..." त्यांनी मला वाक्य पुरे करू दिले नाही.

माझी क्षमा त्यांनी कधी शब्दांत केली नाही. मीही पुन्हा मागितली नाही. दर महिन्याला मी त्यांच्याकडे जातो. कधीकधी ती शिक्षिकाही तिथे असते. ती आता एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. तिने लग्न केले नाही. त्याचे कारण तिने सांगितलेले नाही आणि ते ठरवण्याचा अधिकार मला नाही. आम्ही तिघे चहा घेतो आणि बहुतेक वेळा शाळेविषयी बोलतो.

देवस्थळीबाई या वर्षी पंचाहत्तर पूर्ण करत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला विचारले होते की बाईंच्या सध्याच्या प्रकृतीविषयी शेवटी दोन ओळी घालाव्यात, वाचकांना उत्सुकता असते. मी बाईंना विचारले. त्यांनी मला सगळे सविस्तर सांगितले आणि मग म्हणाल्या, "हे तुम्हाला सांगितलं. वाचकांना नाही."

त्यांची प्रकृती कशी आहे, हे मला ठाऊक आहे. ती उत्तम राहावी आणि त्यांना खूप वर्षे लाभावीत, अशी मनापासून प्रार्थना करतो. याहून अधिक मी लिहिणार नाही.