पोस्टकार्डावरचा राग

"पोस्टकार्डच आण. पाकिटातलं एकटाच वाचतो."

हे म्हणताना बाई उजव्या हाताचं बोट वर करायच्या, जसं काही समोर भरलेलं थिएटर आहे. समोर मी असायचे, हाताला कणीक लागलेली.

बाई जुन्या नाटकांतल्या नटी. इंदिरानगरला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. मी त्यांच्याकडे पोळ्या करायला लागले आणि हळूहळू त्यांची पत्रंही लिहायला लागले, कारण त्यांचा हात थरथरायचा. माझी शाळा चौथीपर्यंत. मी म्हणाले, "बाई, माझ्या वेलांट्या चुकतात."

"चुकू देत. राग बरोबर उतरला म्हणजे झालं."

तुम्ही म्हातारी माणसं तासन् तास फोनवर बोलताना पाहिली असतील. बाईंना फोन आवडायचा नाही. नाटक कंपनीत होत्या तेव्हापासून त्यांचं सगळं पत्रानं. प्रयोगाची बोलणी पत्रानं, भांडण पत्रानं, बारशाचे पेढेसुद्धा पत्र लिहून मागायच्या. फक्त कामाचं पत्र आणि मायेचं पत्र एका दिवशी लिहायचं नाही. "एकाचा ओलावा दुसऱ्याला लागतो गं."

एका माणसाला मात्र कायम कामाचंच पत्र. तो त्यांच्या नाटकाचा नायक आणि कंपनीचा मालकही. सटाण्याला प्रयोग होता. पहिला अंक बाईंनी केला. दुसऱ्या अंकाआधी त्यानं बाईंना अंगावरचा शालू उतरवायला लावला, तो आपल्या नव्या बायकोला नेसवला आणि तिलाच स्टेजवर पाठवलं. तोच शालू, तोच अंबाडा, तोच तोंडावरचा रंग. पुढे तो सगळीकडे सांगत सुटला, की बाईंनी संसारासाठी आपणहून काम सोडलं. बाईंनी तर लग्नच केलं नाही.

"काढलं त्याचं एवढं नाही," बाई म्हणायच्या. "थिएटरात कुणाला कळलंसुद्धा नाही गं."

आता त्याचा गौरवग्रंथ निघायचा होता. पुण्याहून त्याचं पत्र आलं, आपण स्वखुशीनं भूमिका सोडलीत अशा चार ओळी द्याव्यात. बाई खूप हसल्या. मग बोट वर.

"लिही. पत्र पोचलं. सटाण्याला दोन अंकांच्या मध्ये तुम्ही मला काढलंत, ते आधी तुम्ही छापा. मग माझ्या चार ओळी."

कार्ड गेलं. तो मोठ्या सोसायटीत राहायचा. वॉचमननं वाचलं असेल, कामवालीनं वाचलं असेल, सुनेनं तर नक्कीच. आठवड्यानं त्याचा फोन आला, तो मी घेतला. "बाईंना सांगा, कृपा करून पाकिटात घालून लिहा." मी निरोप तसाच मोठ्यानं बाईंना सांगितला. आतून बाई ओरडल्या, "पाकीट परवडत नाही म्हणावं!"

तर त्यानं पाकिटांचा गठ्ठाच पाठवला. तिकिटं लावलेली, वर स्वतःचा पत्ता छापलेला. बाईंनी मला तो पत्ता खोडायला लावला आणि त्याच पाकिटांतून कंपनीतल्या जुन्या नटींना सटाण्याची हकिगत लिहून एकेक पत्र धाडलं.

"बाई, पाकिटं त्यांची आहेत."

"मग बरंच आहे की. त्याच्याच तिकिटावर जाऊ दे."

ग्रंथ निघाला. त्यात एकाही नटीचा लेख नव्हता. त्या दिवशी बाईंनी मला शिरा करायला सांगितला. मीही दोन वाट्या खाल्ला. मला जन्मात कुणाला उलट बोलता आलं नाही. बाईंचा राग लिहिताना माझाही थोडा कागदावर उतरायचा.

मग एकदा त्याचं पत्र आलं, पाकिटातून. अक्षर वेडंवाकडं, म्हणजे स्वतः लिहिलेलं. "त्या दिवशी मीच तुम्हाला काढलं. माझं चुकलं. हे आपल्या दोघांतच राहावं."

बाईंनी ते दोनदा वाचायला लावलं. डोळे भरले. मला वाटलं, आता संपलं.

"दोघांतच?" त्या म्हणाल्या. "काढलं तेव्हा थिएटर भरलेलं होतं. कार्ड आण. लिही, हेच उघड्या कार्डावर लिहून पाठवा."

ते काही आलं नाही. पोस्टमनची सायकल वाजली, की बाई उशीवरून मान उचलायच्या. थंडीत त्या गेल्या.

गावातल्या नाटकवाल्यांनी एका छोट्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. भिंतीवरचा बाईंचा फोटो काढून मीच घेऊन गेले. स्टेजवर खुर्चीत ठेवला, हार घातला. तो पुण्याहून आला होता. पांढरे कपडे, हातात काठी. माइक घेऊन त्यानं सटाण्याचं सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. थांबायचं तिथं थांबला, आवाज फुटायचा तिथं फुटला. लोक रडले. पण बाईंसाठी नाही, त्याच्यासाठी. माझ्या शेजारची म्हणाली, "केवढं मोठं मन बघा!"

बाईंनी जन्मभर मागितलेलं वाक्य त्यानं बाई नसताना म्हटलं, आणि त्याचंही नाटक करून वाहवा घेतली. माझं अंग पेटलं.

सभा संपल्यावर तो फोटोवाल्याला म्हणाला, "बाईंशेजारी माझा एक घ्या." खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्यानं मान थोडी खाली घातली.

मी जन्मात कधी स्टेजवर चढले नव्हते. चढले. हार काढून खुर्चीत ठेवला आणि फोटो उचलला.

"अहो मावशी, एकच मिनिट!" कुणीतरी ओरडलं.

"हा फोटो घरचा आहे," मी म्हणाले.

स्टेजच्या पायऱ्या उतरताना मागे पाहिलं. तो तसाच उभा होता, हात खुर्चीवर.

रिक्षात बाईंना मांडीवर घेतलं. रिक्षावाल्यानं विचारलं, "आई का?" मी हो म्हणाले. द्वारका चौकातल्या सिग्नलला रिक्षा बराच वेळ अडकली. मी फोटो रस्त्याकडे तोंड करून धरला. शेजारच्या टेम्पोतला माणूस बाईंकडे बघत राहिला.

बघू दे.