शिळ्या पाण्याची लढाई

जाहीर निवेदन. तमाम गल्लीकरांस, त्यांच्या पाहुण्यारावळ्यांस आणि शेजारच्या अंगणातल्या दोन शेळ्यांस कळवण्यात येतं की, माझं आणि त्या शेळ्यांच्या मालकिणीचं वैर आजही पूर्वीच्याच जोमानं चालू आहे. ते मिटल्याची अफवा मध्यंतरी पसरली होती, ती साफ खोटी आहे. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो नाही. त्या दिवशी माझे डोळे बारीक झाले होते ते धुळीमुळे. सर्वांनी नोंद घ्यावी.

आता मूळ प्रकरण.

शहराचं नाव तेव्हा अजून बदललं नव्हतं, आणि पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता. छावणीच्या पलीकडे, जिथं आमच्या आधी ज्वारी उभी असायची, तिथं प्लॉट पडले होते. आमचं घर पहिल्या दहा-बारा घरांतलं. नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी यायचं, तेही तासभर, आणि पहिली दहा मिनिटं नळ नुसता सुस्कारे टाकायचा. अशा दिवसांत काही माणसं देवधर्माला लागतात. मी पर्यावरणाला लागलो.

लागलो म्हणजे चांगलाच लागलो. दात घासताना नळ बंद, तांब्याच घ्यायचा. भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. खांद्यावर कापडी पिशवी, डब्यात स्टीलचा चमचा, घरात प्लास्टिकची पिशवी दिसली की चौकशी समिती. आणि या सगळ्यावर कळस म्हणून मी आमचा कूलर हद्दपार केला. तो बादल्यांवर बादल्या पाणी प्यायचा आणि वर घरघरायचा. गुलमंडीत कापडाचं दुकान असलेल्या माझ्या मेहुण्याला मी तो देऊन टाकला. तो इतक्या घाईनं घेऊन गेला, की माझं काहीतरी चुकतंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"आणि उन्हाळ्यात काय करायचं?" बायकोनं विचारलं.

मी पश्चिमेच्या खिडकीतून हात लांब करून दाखवला. तिथं कंपाउंडबाहेर, आमचं फाटक आणि शेजारचं फाटक यांच्या मधोमध, मी लावलेलं चार वर्षांचं जांभूळ उभं होतं. नुकतंच खिडकीच्या वर गेलेलं. दुपारनंतरचं ऊन ते भिंतीवर येऊ देत नव्हतं.

बायकोनं झाडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "ठीक आहे. हे झाड उन्हाळा काढेल तर मीही काढेन. पण ते वाळलं ना, तर त्याच दिवशी नवा कूलर येईल, आणि तुमचे सगळे नियम मी त्याच्या टाकीत बुडवीन."

म्हणजे त्या उन्हाळ्यात माझी अख्खी इभ्रत एका जांभळाच्या बुंध्याला बांधलेली होती.

कार्यालयात तर मी आणखी नावडता होतो. पंख्यांच्या बटणांवर मी चिठ्ठ्या लावल्या, 'खोलीत कोणी नसल्यास बंद करावा'. दुसऱ्या दिवशी खाली कोणीतरी लिहिलं, 'खोलीत फक्त तुम्हीच असल्यासही बंद करावा'. मग मी पाण्याकडं वळलो. बाहेरून आलेल्या माणसाला भरून ग्लास द्यायचा, त्यानं दोन घोट घ्यायचे आणि उरलेलं कुंडीत नाहीतर मोरीत, ही आपली जुनी रीत. मी फर्मान काढलं, अर्धा ग्लास द्यायचा, लागलं तर पुन्हा द्यायचा. पहिलाच बळी अजिंठ्याकडून एसटीनं आलेला एक वयस्क गृहस्थ. त्यानं ग्लास उजेडात धरून नीट पाहिला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अर्धाच? वरचा सायबानं पिला व्हय?"

पुढचा महिनाभर मला कार्यालयात 'वरचा साहेब' म्हणत होते. मी खचलो नाही. मला आणखी मोठं रणांगण दिसत होतं, आणि ते माझ्या घराला लागूनच होतं.

शेजारच्या मावशी. वय साठीच्या पुढं, आवाज विशीतला. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. त्यांचा मुलगा शहरात कामाला लागला, प्लॉट घेतला, मेंढरं विकली, पण मावशींनी दोन शेळ्या सोडल्या नाहीत. त्या शेळ्या माझ्या फाटकाशी येऊन माझ्याकडे अशा बघायच्या, जणू प्लॉट त्यांच्या नावावर आहे. मावशींना माझं जांभूळ पहिल्या दिवसापासून खुपत होतं.

"सायेब, हे कामून लावलं? फळ धरलं की माझं अंगण जांभळं. पोरं दगडं मारतील. एक दगड माझ्या कपाळात."

"अजून फळ यायला वर्षं आहेत, मावशी."

"मंग तवर उपटा की."

आमचे संबंध असे होते. आता त्यात पाणी पडलं.

आमच्याकडं एक समजूत आहे. पाणी साठवलं आणि दोन-चार दिवस राहिलं की ते शिळं होतं. भाकरी शिळी होते तसं. मग नळ आला की आधी ड्रममधलं उरलेलं पाणी ओतून द्यायचं, ड्रम घासायचा आणि ताजं भरायचं. जायकवाडी तळाला गेल्याच्या बातम्या रोज येत होत्या, टँकरपाशी बायका एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या, आणि पाण्याच्या दिवशी सकाळी आमची गल्ली पिण्याचं पाणी सुखानं ओतून देत होती. पाच-सहा दिवस थेंब थेंब जपायचा आणि नळाच्या दिवशी ड्रमभर फेकायचा. या सोहळ्याच्या यजमान मावशी. निळे दोन ड्रम आडवे करून त्या राखेनं आणि काथ्यानं असे घासायच्या की अख्ख्या गल्लीला कळावं, आज नळ आहे. ते पाणी त्यांच्या फाटकाखालून बाहेर यायचं. पुढं कुठं जायचं, ते पाहायला मी कधी थांबलो नाही, कारण त्याच तासात मला माझी टाकी भरायची असायची.

"मावशी, हे पाणी खराब नाही झालेलं. झाकून ठेवलं तर आठ दिवस राहतं."

"तुमी प्या."

"मी पितोच!"

"दिसतंय की तोंडावरनं."

यानंतर मी शांत बसलो असतो तर मी मी नसतो. मी गल्लीची सभा बोलावली, आमच्या घरापुढं, सतरंजीवर. गल्लीत सगळ्यांत ज्येष्ठ म्हणून निवृत्त गुरुजी अध्यक्ष झाले. समोरचे चाचा, मोटारींचे जुने मिस्त्री, पायऱ्यांवर बसले आणि पहिलंच बोलले, "भाई, बासी पानी तो फेंकेंगेच ना. नइ तो क्या मुरब्बा डालेंगे?" सभा हसली. मी हात वर केला, एक पाय पुढं टाकला आणि असं भाषण केलं की आजही आठवलं की माझ्याच अंगावर काटा येतो. पाणी शिळं होत नाही. माणसाची बुद्धी शिळी होते. हे वाक्य म्हणताना मी मुद्दाम उजवीकडं पाहिलं. उजवीकडं मावशी बसल्या होत्या.

ठराव झाला. यापुढं कोणी साठवलेलं पाणी ओतायचं नाही. उरलेल्या पाण्यात नवं भरायचं, ड्रम महिन्यातून एकदाच धुवायचा. चाचासुद्धा कबूल झाले. मावशी उठल्या, पदर झटकला, सतरंजीवर थुंकायच्या बेतात होत्या पण गुरुजींकडं बघून थांबल्या.

"करा तुमच्या मनासारखं," त्या म्हणाल्या. "मंग माझ्या दारात यायचं नाय."

मी जिंकलो होतो, आणि जिंकलेल्या माणसाला आवर घालता येत नाही. त्यांच्या फाटकापासून माझ्या भिंतीच्या कडेनं कोणीतरी कुदळीनं एक उथळ चर खोदला होता. मी तो कितीदा पाहिला होता आणि माझ्या भिंतीला ओल लागावी म्हणूनच खोदलाय, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. रविवारी मी विटांचे तुकडे आणि माती टाकून तो बुजवला. वर पाय देऊन दाबला. मावशी ओट्यावर बसून सगळं पाहत होत्या. मला वाटलं, पराभव पचवतायत.

तीन आठवड्यांनी जांभळाची पानं लोंबायला लागली.

मी घाबरलो नाही, कारण माझ्याकडं उपाय तयार होता. कपडे धुण्याच्या मशीनचं सांडपाणी मी आधीपासूनच बादलीनं झाडाला घालत होतो. आता दुप्पट केलं. बायको म्हणाली, "अहो, पहिलं पाणी नका घालू, त्यात सगळी पावडर असते. शेवटचं खळबळलेलं तेवढं घाला." मी म्हणालो, थेंबन्‌थेंब वापरायचा हाच तर नियम आहे. पहिलं, दुसरं, तिसरं, सगळं पाणी आळ्यात. झाडाभोवती पांढरी साय धरली. पानांच्या कडा तपकिरी झाल्या, आगीवर धरल्यासारख्या, आणि पश्चिमेकडची मोठी फांदी खडखडीत. दुपारी ऊन थेट खिडकीतून आत येऊन जेवणाच्या ताटावर बसू लागलं. बायकोनं भावाला फोन करून, मला ऐकू जाईल असं विचारलं, "कूलरच्या दुकानाचा नंबर आहे का रे तुझ्याकडं?"

पाण्याच्या पुढच्या सकाळी मी निर्णय घेतला. झाड नको कोणाला होतं? मावशींना. सभेत हरलं कोण? मावशी. झाडाच्या बुंध्याशी पांढरं काहीतरी साठलंय, ते मीठच. मी फाटकात उभा राहिलो आणि गल्ली पाणी भरायला बाहेर आलेली असताना गर्जना केली.

"मावशी! माझ्या झाडाला काय घातलंत?"

त्यांच्या हातातली घागर अर्धवट भरलेली होती. त्यांनी ती खाली ठेवली. नीट, सांडू न देता.

"काय घातलं म्हंजे?"

"मीठ घातलंत मुळाशी! सगळ्यांना दिसतंय!"

मावशी झाडापाशी आल्या. गुडघ्यावर बसल्या. बोटानं पांढरी साय खरवडली, नाकाशी नेली आणि ते बोट माझ्या नाकापुढं धरलं. लिंबाच्या सुवासाची धुण्याची पावडर. आमच्याच घरातली.

मागून माझ्या बायकोचा आवाज आला, "मी सांगितलं होतं." तिनं आणखी एका शब्दाची भर घातली नाही. घालायला हवी होती, निदान मला बोलायला काही मिळालं असतं.

पण मावशींचं अजून संपलं नव्हतं. त्या उठल्या आणि बुजवलेल्या चरावर पायाचा अंगठा आपटला.

"आन् हे कोणी बुजवलं? चार वर्सं झाली, दर पाण्याला माझे दोन ड्रम या पाटानं तुमच्या झाडाला जायचे. मी खोदला ह्यो पाट. तुमी सभा घेतली, पाणी बंद केलं. वरनं पाट बुजवला. वरनं साबण पाजला. आन् मीठ मी घातलं?"

नळाखाली कोणाची तरी कळशी भरून वाहत होती आणि तिच्याकडं कोणी बघत नव्हतं. चाचा पायऱ्यांवर डोकं धरून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते. मी चार वर्षं ज्या पाण्यावरून या बाईला अडाणी म्हणत आलो, त्याच पाण्यावर माझं झाड उभं राहिलं होतं. बाकीची गल्ली पाणी गटारात ओतत होती, हे खरं, आणि त्याबाबत मी आजही माझं भाषण एका शब्दानं मागं घेत नाही. पण गल्लीत एकच घर होतं, जिथलं पाणी वाया जात नव्हतं, आणि मी नेमकं तेच बंद पाडलं होतं.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. झाड वाचलं, अर्धं. पश्चिमेची फांदी करवतीनं काढावी लागली, आळ्यातली वरची माती उकरून फेकावी लागली, आणि पाट मी स्वतः खोदला, मावशी ओट्यावरून "वाकडा चाललाय, वाकडा" म्हणत असताना. ठरावात गुरुजींनी हातानं दुरुस्ती केली, झाडाला जाणारं पाणी वगळून. कूलर त्या उन्हाळ्यात आला, कारण अर्ध्या झाडाची सावली अर्धीच पडते, आणि बायकोनं माझे नियम त्याच्या टाकीत खरोखरच बुडवले. कागदावर लिहून, माझ्यादेखत. आता जांभूळ फळतं. मावशी अंगणातली पिचलेली जांभळं सुपात भरून माझ्या पायरीवर ओतून जातात. मी ती त्यांच्या शेळ्यांना घालतो. शेळ्या खातात आणि माझ्याच फाटकाशी घाण करतात.

पण त्या सकाळी हे काहीच माहीत नव्हतं. त्या सकाळी मी सगळ्या गल्लीपुढं धुण्याच्या पावडरीचा वास घेत उभा होतो, आणि मला एकच गोष्ट खरोखर कळत नव्हती. माफी मागायला तोंड उघडलं आणि बाहेर आला तो प्रश्न.

"पण मावशी, तुम्हाला तर ते झाड नकोच होतं. चार वर्षं उपटा, उपटा म्हणताय. मग पाणी का घालत होतात?"

मावशींनी घागर उचलून कमरेवर घेतली. आपल्या फाटकापर्यंत गेल्या. मग एकदम वळल्या आणि अख्ख्या गल्लीच्या कानठळ्या बसतील अशा आवाजात ओरडल्या,

"भांडण तुमच्याशी हाय, सायेब! झाडानं माझं काय घोडं मारलंय?"