चाळीस बोटं चुना

कॅनडातल्या आमच्या अख्ख्या वॉन गावात घरी काळी बिअर बनवण्यात माझा हात धरणारा मराठी माणूस नाही. कारण दुसरा कोणी बनवतच नाही, आणि माझ्या पहिल्या दोन बॅच मी स्वतःच लॉन्ड्रीच्या सिंकमध्ये ओतल्या. आंबट! चिंचेच्या कोळात कोळसा विझवल्यासारखी चव.

मी नववीतून सुटलेला माणूस. बायको नर्स. तिच्या कागदांवर मी कॅनडात आलो, मोठ्या सुटकेसबरोबर छोटी बॅग फुकट येते तसा. वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. सासरे मात्र शिकलेले. नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात तीस वर्षं पाणी तपासलेलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण त्यांनी मला एकदाही बरं म्हटलेलं नाही. त्या वर्षी ते आमच्याकडे आले होते आणि नोव्हेंबर संपता संपता परत जाणार होते. सणावाराला अर्धा ग्लास घेतात हे मला ठाऊक. म्हटलं, जायच्या आत यांना आपल्या हातची अशी काळी बिअर पाजायची, की तोंडातून एक तरी चांगला शब्द निघाला पाहिजे.

कामावर एक गोरा आहे, तो कित्येक वर्षं घरी बिअर बनवतो. त्याच्यापुढे आंबटपणाचं रडगाणं गायलो. त्याने विचारलं, पाणी कुठलं घेतोस? म्हटलं, फिल्टरचं, एकदम प्युअर. त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, बार्लीचे काळे भाजलेले दाणे मुळातच आंबट, आणि तुझ्या फिल्टरने पाण्यातले क्षार सगळे काढून टाकले, मग त्या आंबटपणाला आवरणार कोण? पाण्यात थोडा खायचा चुना टाक. मोजून टाक. आणि आंबटपणा मोजायची टेस्टची पट्टी बुडवून बघ, निळी पडली तर चुना जास्त.

चुना! आता चुन्यातलं मला कोणी शिकवायचं? पंधरा वर्षं तंबाखू मळलीय मी. इंडियन ग्रोसरीतून चुन्याच्या ट्यूबा आणल्या. काटा कशाला, बोट आहे ना. गणित सरळ होतं. एका तोंडाला एक बोट चुना. पातेल्यात पाणी चाळीस बाटल्यांचं. म्हणजे तोंडं चाळीस, बोटं चाळीस.

अठ्ठावीस बोटांना पाणी ताकासारखं झालं. चाळिसाव्याला बेसमेंटमध्ये नव्या घराचा वास यायला लागला. पट्टी बुडवली तर ती शाईत पडल्यासारखी निळी. आणि नेमके तेव्हाच सासरे जिना उतरून आले.

“कुठली भिंत रंगवताय?”

“बिअर करतोय, बाबा.”

त्यांनी पातेल्यात डोकावून बघितलं. “चुना किती घातला?”

“चाळीस बोटं.”

“कोणाची?”

मी माझं बोट दाखवलं. ते त्या बोटाकडे बराच वेळ बघत राहिले, डॉक्टर गळू बघतो तसे. मग चष्मा चढवला. “ओता ते. सहा ग्लास आणा, एकसारखे. आणि किचनमधला काटा.”

सहा ग्लासांत सारखं गरम पाणी, सारखे काळे दाणे, चुना मात्र चढता: पहिल्यात कणभर, पुढे जरा जरा जास्त. केंद्रावर हे रोज करायचो, म्हणाले. मी पट्ट्या बुडवायच्या, ते रंग बघायचे. अकरा वर्षांत आम्ही एवढा वेळ शेजारी बसलेलो नव्हतो. तेवढ्यात बायको शिफ्टवरून आली. सहा ग्लास, पांढरे हात, वडील जमिनीवर मांडी घालून.

“बाबा, हा तर आहेच तसा. तुम्ही पण?”

“गप. चौथा बघतोय.”

चौथा बरोबर निघाला. त्याच्या मापाने त्यांनी सगळं पाणी करून दिलं, हात धुतले, म्हणाले, “पाणी झालं. पुढचं तुमचं तुम्ही बघा,” आणि वर गेले.

पुढचं मी बघितलं. दाणे भिजवले, गाळले, उकळलं, यीस्ट घातलं. गोऱ्याने बजावलं होतं, बादली गार जागी ठेव, गरमीत बिअर वास मारते. पण विरजण कधी गार जागी लागतं का? मी बादली घर गरम करणाऱ्या फर्नेसला टेकवली आणि वरून गोधडी गुंडाळली. दुसऱ्याच दिवशी झाकण उडून छताला लागलं. म्हटलं, बघा, यीस्ट किती खूश आहे!

सासऱ्यांच्या फ्लाइटच्या दोन दिवस आधी पहिली बाटली उघडली. रंग काय, फेस काय! बायकोने वास घेतला आणि विचारलं, नेलपॉलिश रिमूव्हर कुठे सांडलंय? मी ऐकलंच नाही असं दाखवलं. सासऱ्यांनी ग्लास उजेडात धरला, एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. पुन्हा एक घेतला. मी शाळेच्या निकालालाही एवढा घाबरलो नव्हतो, तो तर मला आधीच माहीत असायचा.

“कशी आहे, बाबा?”

“पाणी उत्तम आहे,” ग्लास माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, “ते मी केलंय. बाकी सगळी घाण तुमची.”