घटना कधी घडली?

वकिलाच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत. पायपुसण्यातल्या वाळूसारखे ते आपोआप साचतात. एलएल.बी. होऊन मी मालवणात काकांच्या हाताखाली बसले, तेव्हा राज्यघटना दहा वर्षांचीही नव्हती. आणि आमच्या ऑफिसातलं टेबल साठ वर्षांचं!

*

जानकीकाकी, सगळ्या गावाची काकी, किनाऱ्यावर बांगडे सुकवून विकायची. शेजारच्या सरकारी बंगल्यात उतरणाऱ्या साहेबांना वास सोसेना. हुकूम निघाला, आठ दिवसांत जागा सोडा! ना नोटीस, ना विचारपूस. हुकूम घेऊन ती आमच्याकडे आली.

"हे घटनेविरुद्ध आहे!" मी टेबलावर हात आपटला.

काकांचे म्हातारे कारकून बापू यांनी शांतपणे रजिस्टर उघडलं. "घटना कधी घडली? तारीख सांग गो बाय, लिवन घेतंय."

"देशाची घटना, बापू!"

"बरां. साक्षीदार?"

"सगळा देश!" मी ओरडले.

बापूंनी तेही लिहिलं. तारखेची जागा कोरी ठेवली.

*

काकांचं वेगळंच. "सरकाराशी कोण भांडता गो चेडवा? अर्ज करूया."

मी थेट हायकोर्टासाठी रिट अर्जाचा मसुदा केला. त्याखाली काकांनी सवयीने लिहिलं, 'आपला आज्ञाधारक'. मी खोडलं. त्यांनी परत लिहिलं!

"काका, आज्ञा मोडायलाच चाललोय ना आपण?"

काकांनी चष्मा पुसला. "मगे 'आपला' तेवढा रवांदे!"

*

जानकीकाकीला 'रिट' म्हणजे 'रीत' वाटली. मासळीबाजारात ती सांगत सुटली, "सरकारान रीत सोडली, म्हणान आमी हायकोर्टात रीत घातली!"

चूक सुधारायला मी तोंड उघडलं. मग मिटलं. रिट म्हणजे काय, हे कॉलेजात दोन वर्षं मला एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं.

*

बोटीने मुंबई गाठली. सरकारी वकील सार्वजनिक आरोग्यावर बराच वेळ बोलले.

न्यायमूर्तींनी विचारलं, "साहेब बंगल्यात वर्षातून किती दिवस असतात?"

"तीन-चार, मिलॉर्ड."

"आणि या बाई?"

हुकूम रद्द! आधी बाईंचं म्हणणं ऐका, मगच काय ते ठरवा.

*

म्हणून साहेब स्वतः किनाऱ्यावर आले. बाजूला काका, मी आणि काखेत रजिस्टर घेतलेले बापू.

"बोला बाई, तुमचं काय म्हणणं?" साहेब रुमालातून बोलले.

"आदी नाकावरचो रुमाल काड रे झिला," जानकीकाकी म्हणाली, "मगे कान उघडतले!"

काका वाळूकडे बघू लागले. साहेबांनी रुमाल खिशात घातला, उपड्या टोपलीवर बसले आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. उठताना म्हणाले, "सुकवा."

बापूंनी रजिस्टरचं जुनं पान काढलं आणि कोऱ्या जागेत त्या दिवसाची तारीख घातली.