अद्भुत कादंबऱ्या आणि विहीणबाईंचा दोरा

आमच्या विहीणबाई पुस्तकं बांधतात. धाकट्या लेकीच्या सासूबाई त्या, म्हणजे खरं तर त्यांच्यासमोर मी सदऱ्याची वरपर्यंत बटणं लावून बसायला हवं. पण गेली अकरा वर्षं आम्ही वाचनालयातल्या एकाच बाकावर बसतो. त्यामुळे 'अहो-जाहो' तेवढं राहिलं आणि चेष्टा राजरोस चालू झाली.

खळ लावून लावून त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख पिवळं आणि शिंगासारखं टणक झालंय. पुस्तक हातात आलं की नाव नंतर, आधी शिवण बघतात. मी त्यांना एकदा माझ्या शाळेची गंमत सांगितली होती. चौतीस पोरांत वाचनाचं एकच पुस्तक, म्हणून गुरुजींनी ते उसवलं आणि पानं वाटून टाकली. माझ्या वाट्याला मधली चार आली. त्यांत राजपुत्र विहिरीत पडला होता. तो बाहेर कसा आला, हे मला सातवी पास होईपर्यंत कळलं नाही! सगळे पोट धरून हसले. विहीणबाई मात्र म्हणाल्या, "उसवलं ते उसवलं, पण परत कुणी शिवलं की नाही?"

तर आमचं वाचनालय दरवर्षी अद्भुत कादंबऱ्यांना बक्षीस देतं. राक्षस, मंत्र, उडती बेटं, असल्या नऊ नव्या कादंबऱ्या घ्यायच्या आणि वर्षभर वाचकांना द्यायच्या. पूर्वी चिठ्ठ्या टाकून मतं घेत. एका वर्षी सभासद निघाले बासष्ट आणि चिठ्ठ्या निघाल्या सत्त्याण्णव! लेखक लोकांना भाऊबंद फार, दुसरं काय. तेव्हा विहीणबाईंनी उपाय सांगितला. पुस्तक वाचलं गेलं की फुगतं, पुन्हा पहिल्यासारखं बसत नाही. म्हणून नवं पुस्तक बांधून झालं की त्या त्याच्या पोटाभोवती दोरा गुंडाळतात, जिथे टोकं भेटतात तिथे कापतात आणि नाव लिहून जपून ठेवतात. वर्षअखेर तोच दोरा पुन्हा गुंडाळायचा. ज्याला तो जास्त अपुरा पडेल, ते पुस्तक जिंकलं. मध्ये दुरुस्ती केली तर जुना दोरा बाद करून नवा घ्यायचा, हाही नियम त्यांचाच.

यंदा पहिली आली नकाशावाली कादंबरी. तिच्यात आठ घड्यांचा एक नकाशा आहे. दोरा दीड बोट अपुरा पडला. दुसरी आली बोलणाऱ्या नदीची, तिला एक बोट. ग्रंथपालांनी सकाळी फळ्यावर निकाल लिहिला आणि खडू खाली ठेवायच्या आत आरडाओरडा सुरू झाला.

"हिला बक्षीस?" सेवेतून निवृत्त झालेल्या नर्सबाई कडाडल्या. "सहाशे पानं नुसतं चालतात मेले! पाय दुखले माझे वाचून!"

शिंपीदादा कात्रीसारखे मध्ये घुसले. "तुमच्या नदीनं तरी काय केलं? बडबड! माझी मेव्हणी त्याहून कमी बोलते."

"नदीनं रडवलं मला!"

"मलाही. कंटाळ्यानं."

मी मजेत ऐकत होतो. फुकटचा तमाशा, वर पंखा डोक्यावर. शिंपीदादांनी पुरावा म्हणून नकाशा टेबलावर उलगडला आणि म्हणाले, "बघा तरी! मागून मलमल काय सुरेख चिकटवलीय!"

शेजारी विहीणबाईंचा हात माझ्या मनगटावर घट्ट बसला. चेहरा खळीसारखा पांढरा.

"व्याही," त्या कुजबुजल्या, "ती मलमल मी लावली. नकाशा फाटला होता. आठ घड्या कापड आत गेलं आणि दोरा मी बदललाच नाही."

"मग? कुणाला ठाऊक आहे?" मी म्हणालो. "गप बसा. उगाच उडता बाण कशाला अंगावर घेता?"

"मला ठाऊक आहे ना. तीस वर्षं लोक माझ्या हातावर विसंबलेत. यात खोट निघाली तर उद्या कुठल्या तोंडानं सुई धरू?"

आणि उठल्या की हो! सगळ्यांसमोर, अक्षरही न गाळता, चूक सांगून टाकली. शेवटी म्हणाल्या, "निकाल चुकला असेल तर पुढच्या वर्षी दोरा दुसऱ्या कुणाच्या हाती द्या."

सगळ्यांच्या नजरा नर्सबाईंकडे. आता या बाई सोडतात थोडंच, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

नर्सबाई म्हणाल्या, "तसलीच मलमल आहे का आणखी?"

शिंपीदादांच्या पिशवीत निघाली. विहीणबाईंनी मापानं तुकडा कापला, खळ लावून वाळवला, आठ घड्या घातल्या आणि नदीच्या कादंबरीत तितक्याच आत सरकवल्या. दोन्ही कादंबऱ्यांना सारखं कापड, मग तक्रार कशाला? मग नदीचा दोरा नर्सबाईंनी स्वतःकडे घेतला. नाडी बघावी तशी मान वाकडी करून त्यांनी तो गुंडाळला. आम्ही सगळे टेबलावर ओणवे.

"सव्वा बोट," नर्सबाई म्हणाल्या. पुन्हा गुंडाळला. "सव्वाच. नकाशावालीचं दीड. पाव बोटानं तीच पुढे."

मी एवढ्या जोरात 'हुश्श' केलं की ग्रंथपालांनी भिंतीवरच्या 'शांतता राखा'कडे बोट दाखवलं.

"म्हणजे पटलं ना?" शिंपीदादांनी छाती काढली.

"माप पटलं. मापात एका केसाचा फरक नाही, बाईंच्या हाताला तोड नाही," नर्सबाई गरजल्या. "अक्कल कुणाची फिरलीय ती या सगळ्या सभासदांची! आणि तो नकाशा फाडला कुणी, तेही सांगते. मीच! तीनदा नेलं होतं घरी, कुठेतरी बरं लिहिलंय का ते शोधायला!"

पुन्हा गदारोळ उसळला. विहीणबाई मटकन बाकावर बसल्या, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्या आणि तोंडावर पदर धरून लहान मुलीसारख्या हसत सुटल्या. हसता हसता माझ्या कानाशी वाकल्या.

"व्याही, कुणाला सांगू नका. मला तर दोन्ही आवडल्या नव्हत्या."