सोमवारी पाणी सोडणार

हॉस्टेलला असताना एका मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर मी तो खेळ पहिल्यांदा खेळले, आणि लग्न होऊन दिंद्रुडला आले, पोर शाळेत जायला लागलं, तरी तो सुटला नाही. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की मी फोन घेऊन बसायची. आम्ही सगळे मराठी बोलणारे खेळाडू एकत्र खेळायचो. आमच्या गटाला आम्ही टोळी म्हणायचो आणि गटाच्या म्होरक्याला मुकादम. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांचे हे शब्द मीच तिकडे नेले होते. मुकादम सांगलीकडचा होता. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं, पण खेळता खेळता इअरफोनवर बोलून बोलून त्याचा खोकलासुद्धा मला ओळखू यायचा.

त्या खेळात एक बंदर होतं. नवा माणूस पहिल्यांदा तिथंच उतरायचा. आमची टोळी तिथल्याच एका पडक्या गोदामात जमायची. त्या बंदराला आम्ही गावच म्हणायचो.

त्या पावसाळ्यात खेळाच्या नव्या भागाची घोषणा झाली. एक्सपान्शन म्हणतात त्याला. कंपनीनं व्हिडिओ टाकला. नवे डोंगर, नवी जनावरं आणि शेवटी एक भिंत फुटून पाणी थेट आमच्या बंदरात शिरताना दाखवलं. खाली लिहिलं होतं, येत्या सोमवारी हे बंदर कायमचं जाणार.

टोळीत नुसता गदारोळ झाला. कुणी लिहिलं, "लई भारी, एकदाचं नवं कायतरी आलं." एकानं खेळ सोडायची शपथ घेतली. दुसऱ्यानं कंपनीला आई-बहिणीवरून शिव्या घातल्या. मला रडू आलं. सिंकपाशी उभी राहून मी टोळीला आवाजी निरोप पाठवला. आधी खेळाचं नाव घेऊन कंपनीला बोलले आणि मग म्हणाले, "सोमवारी पाणी सोडायलेत. अख्खं गाव बुडणार हाय. एक घर राहणार न्हाई. आन् कुनी कायबी करंना."

त्यातला 'सोमवारी'पासून पुढचा भाग तेवढाच लोकांच्या कानावर पडला. आधीचा भाग कुणी कापला, तो टोळीबाहेर कुणी धाडला, हे मला आजही माहीत नाही.

रविवारी मी साखर आणायला किराणा दुकानात गेले. आठवडाभर पाऊस लागून राहिला होता, धरण भरत आलं होतं, आणि जो तो त्याच गोष्टी करत होता. दुकानदारानं फोन काउंटरवर ठेवून मला ऐकवलं. "वहिनी, हे ऐका. सोमवारी पाणी सोडायलेत."

फोनमधून माझा आवाज आला. मी रडत होते.

ते खोटं आहे, तो माझाच आवाज आहे, हे सांगायला तोंड उघडलं, तोवर दुकानदारानं निरोप परत लावला. शेजारी उभा असलेला माणूस कुणाला तरी फोनवर ओरडून सांगत होता, "शेरडं सोड आन् वर शाळंकडं नीघ."

तेवढ्यात आईचा फोन आला. माझं माहेर धरणाच्या खाली, नदीकाठाला.

"बाई, आमी निघालोत गं. कोन बाई हाय कुनास ठाऊक, लई रडून सांगायलीय बिचारी."

"आई, ती मीच हाय! तसलं काय न्हाई. घरीच थांबा!"

"आवाज येईना गं. तुझे आबा म्हस सोडायला मळ्यात गेलेत..."

फोन कटला. पुन्हा लावला तर बंद.

घरी पळत आले. नवऱ्यानं निरोप एकदाच ऐकला. "हा तुझा आवाज हाय," एवढंच म्हणून त्यांनी गाडीला किक मारली आणि आम्ही माझ्या माहेराकडं निघालो.

वाटेत पोती लादलेले ट्रॅक्टर समोरून येत होते. एका बाईच्या डोक्यावर पिठाचा डबा आणि काखेत लेकरू होतं. ही सगळी माणसं माझ्या रडण्याला भिऊन निघाली होती. आमची गाडी दिसली की लोक हात करून सांगायचे, "मागं फिरा, पाणी यायलंय!" आबांच्या मळ्याच्या वाटेवर ओढा आहे. पावसात तिथं पाय ठरत नाही. माझ्या डोळ्यांसमोर तेवढंच येत होतं.

शाळेच्या व्हरांड्यात सगळं गाव दाटलं होतं. आई एका खांबाला टेकून बसली होती. आबा नव्हते.

मी सरपंचांना गाठलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं. खेळ, बंदर, निरोप, सगळं. फोनवर मूळ निरोप पहिल्यापासून लावला. आधी कुणाला काही कळलंच नाही. मग एक तरणा पुढं आला.

"गेमपायी? माझी आजारी माय मी पावसात उचलून आनली, ती गेमपायी?"

तो मारतो की काय असं वाटलं. माझा नवरा मध्ये उभा राहिला. सरपंचांनी तहसीलला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पाणी सोडायचं ठरलेलं नाही, असं पलीकडून स्वच्छ सांगितलं गेलं. गर्दी हलली, पण कुणी हसलं नाही. मी ओढ्याच्या वाटेकडं बघत होते.

बऱ्याच वेळानं दोघंजण आबांना धरून घेऊन आले. म्हैस त्यांच्या मागं मागं आपली आपण चालत होती. आबा ओढ्यात घसरले होते. मनगट सुजून वांग्यासारखं झालं होतं.

"पाणी कुठवर आलं?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

माजलगावला नेऊन प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी मला पोलीस ठाण्यात बोलावलं. साहेबांनी निरोप पूर्ण ऐकला आणि परत एकदा ऐकला.

"खेळासाठी इतकं रडतं का कुणी?" ते म्हणाले. मग जबाब लिहून घेतला आणि सोडून दिलं.

घरी येऊन टोळी उघडली तर तिथं वेगळंच चाललं होतं. माझं रडणं आता देशभरच्या खेळाडूंत फिरत होतं, आणि आबा म्हैस सोडायला जाऊन ओढ्यात पडल्याची बातमीही. कुणी त्याला संगीत लावलं होतं, कुणी म्हैस पळतानाचं चित्र जोडलं होतं. ज्यांना नवा भाग आवडला नव्हता ते म्हणत होते, आमच्या मनातलं बोलली. आवडला होता ते पोट धरून हसत होते. कंपनीनं हिला पैसे द्यावेत, असंही एकानं लिहिलं. मुकादमनं टोळीतून निरोप पुसला आणि मला फोन केला. एरवी आम्ही खेळातच बोलायचो.

"तुझे वडील बरे आहेत ना?" एवढंच त्यानं विचारलं. बाकीच्यांनी काही पुसलं नाही. पुसूनही ते थांबणार नव्हतं. कित्येक आठवडे अनोळखी नंबर दिसला की मी फोन पालथा घालून ठेवायची.

आबा प्लास्टर असेपर्यंत आमच्याकडे राहिले. एका दुपारी म्हणाले, "दाखव बरं तुझं ते गाव."

खेळात पाणी तोवर शिरलं होतं. बंदराच्या जागी निळं तळं होतं, त्यात गोदामाचं छप्पर तेवढं दिसत होतं. आबांनी फोन डोळ्याजवळ धरला.

"हितली माणसं कुठं गेली?"

"माणसं न्हाईत आबा. चित्रं हायेत सगळी."

"मग तू कावून रडलीस?"

मी त्यांना मुकादमच्या खोकल्याविषयी सांगायला लागले. ते ऐकत होते. मधेच म्हणाले, "प्लास्टरमधी खाजायलंय गं, जरा पट्टी दे." मी उठून पोराच्या दप्तरातली पट्टी आणून दिली.