समोरच्याची बाजू

माझी थोरली बहीण वकील आहे, म्हणजे काळा कोट तिच्या कपाटात आहे. वकिली तिची कधी धड चालली नाही, कारण अशिलाचं कुठे चुकलं ते पहिल्याच भेटीत त्याला सांगायची तिला खोड. फी देऊन बोलणी कोण खाणार? पन्नाशी उलटल्यावर तिने तो नाद सोडला आणि इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत वकील होऊ पाहणाऱ्या मुलांसाठी शिकवणी काढली.

शिकवणीला येतात ती खस्ता खाऊन वर आलेली मुलं. कोणी हॉटेलात भांडी घासत पदवी घेतलेली, कोणी अंथरुणाला खिळलेल्या आईचं करता करता. विधी महाविद्यालयात अशांसाठी थोड्या जागा राखून ठेवतात आणि मुलाखत घेऊन देतात. मात्र जागा मिळवलेली बरीच मुलं पहिल्याच वर्षी गळतात. ताईच्या मते त्यांची हुशारी कमी पडत नाही. वर्गात कोणी उलट बोललं की त्यांना ते जिव्हारी लागतं, आणि ती मूग गिळून बसतात.

त्यावर तिने काढलेलं औषध असं. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपलं दुखणं पोटभर सांगायचं. दुसऱ्या दिवसापासून ते उगाळायचं नाही. आणि शिकवणी संपायच्या आत त्याच दुखण्यात समोरच्याची बाजू उभं राहून मांडायची. हॉटेलमालकाची, सोडून गेलेल्या बापाची, असेल त्याची. कोणी ढिलं पडलं की ताई टेबलावर पट्टी आपटून म्हणते, "हरकत आहे." मुलं तिला तिच्या माघारी हरकतबाई म्हणतात. तिला ते ठाऊक नाही, अशी त्यांची समजूत आहे.

मला ही पद्धत निर्दयी वाटते. तसं मी एकदा बोललोही. तिने माझंच म्हणणं माझ्यापेक्षा नीट मांडून दाखवलं आणि मग एकेक मुद्दा खोडून काढला. तेव्हापासून मी तिला स्कूटरवरून ने-आण करण्यापुरता उरलोय.

यंदा सायकलवाल्याची मुलगी आली. तिच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागच्याच खोलीत घर. ती शाळेत असताना घरमालकाने कोर्टातून हुकूम आणून दोन्ही रिकामी करून घेतली. त्यानंतर ते कुटुंब एका गोदामाच्या जिन्याखाली राहिलं. तिथे बसून ही पोरगी शिकली. वडील आता कोपऱ्यावर पंक्चर काढतात आणि लेकीला रोज एकच सांगतात, "वकील हो आणि त्या माणसाला कोर्टात उभा कर."

मुलगी तल्लख. दुसऱ्यांच्या बाबतीत समोरची बाजू अशी मांडायची की ताईची पट्टी हातातच राहायची. पण घरमालकाची बाजू मांडायची पाळी आली की हिचा घसा बसायचा, नाहीतर डोकं दुखायचं. आणि ताई, जी कोणाला सूट देत नाही, ती म्हणायची, "असू दे, पुढच्या वेळी." आपला तो बाब्या, दुसरं काय. शिकवणी संपली तरी ती पुढची वेळ आली नाही.

मुलाखतीहून ती हसत आली. तिथे म्हणाले, तुमच्या परिस्थितीविषयी सांगा. हिने उत्तर दिलं, "त्याचा माझ्या पात्रतेशी संबंध नाही." त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिला परवा पुन्हा बोलावलं.

ताईचा चेहरा उतरला. "अगं, ती जागाच परिस्थितीसाठी आहे. उद्या एखादा दुसरा सांगेल आणि घेऊन जाईल."

"उगाळायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंत."

"वर्गात सांगितलं मी."

"मग वर्गात एक आणि बाहेर एक, असा नियम असतो का, बाई?"

मी खिडकीतून खाली इस्त्रीवाल्याकडे बघत राहिलो. ताईला निरुत्तर झालेलं पाहायची मला सवय नाही, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. पण ते क्षणभरच. ही जागा गेली तर कपड्यांच्या दुकानातली नोकरी तयार होती, आणि तिथे शिरलेली मुलगी परत अभ्यासाकडे वळत नाही.

परवाच्या दिवशी ताई तिच्याबरोबर गेली. आजवर ती कोणाबरोबर गेलेली नव्हती. ती आत गेली, ताई आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. ताई घटकेघटकेला पदर सारखा करत होती.

मुलगी बाहेर आली.

"सांगितलंस?" ताईने विचारलं.

"सांगितलं. घरमालकाच्या बाजूने."

करार संपला होता, ती सांगू लागली. मालकाची विधवा मुलगी लेकरं घेऊन परत आली होती, तिला राहायला ती खोली हवी होती. त्याने तीनतीनदा मुदत वाढवून दिली. कोर्टाचं बोलावणं आलं तेव्हा भाडेकरू भीतीने फिरकलाच नाही. तिथे बसलेल्या एकाने विचारलं, आणि भाडेकरूचं काय म्हणणं? "मी म्हटलं, ते माझे वडील. ते कोर्टात गेले नाहीत, आणि बाहेर त्यांचं म्हणणं कोणी विचारलंच नाही."

"मग?"

"कॉलेजात जागा दिली." ती ताईशेजारी बसली आणि म्हणाली, "बाई, सांगता सांगता मलाच पटलं. त्याचं बरोबर होतं. आता बाबांना काय सांगू?"

ताई उठली. "चल, मी येते," एवढंच म्हणाली.

कोपऱ्यावर सायकलवाला घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होता. लेकीला कॉलेजात जागा मिळाल्याचं ऐकून त्याचे डोळे भरले. ओल्या हातांनीच त्याने ताईला नमस्कार केला. मग लेकीला म्हणाला, "आता बघून घे त्या माणसाला."

मुलीने ताईकडे पाहिलं. ताईने आपल्या चपलांकडे.

"बाबा, आधी बसा." तिने स्टूल पुढे ओढलं. तो बसला. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "बाबा, तुमची केस हरणारीच होती. मालकाचं चुकलं नव्हतं."

त्याने ट्यूब पाण्यात सोडून दिली. गुडघ्याला हात पुसले.

"माहीत आहे गं मला," तो म्हणाला. "पण असं बसवून कोणी सांगितलं नव्हतं."